जकात, आयकर आणि किराण्याचं बिल

(जामनेर येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



दुपारच्या सत्रात एक ठराव यायचा आहे. त्याचा मसुदा मला परवा व्हॉट्सअ‍ॅपवर आला. 'आयकर रद्द करावा आणि त्याऐवजी देशभर एकच विक्रीकर ठेवावा.' ठराव मांडणारे आपल्यातलेच छोटे व्यापारी आणि दोन शिक्षक आहेत. मी करांची कामं करते, तेव्हा ठरावाला चार मुद्दे पुरवीन, अशा अपेक्षेने त्यांनी मला बोलावलं असणार. मी मात्र ठराव मागे घ्या असं सांगायला आले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको.

माझं माहेर इथलंच, जामनेरचं. घर पिंजाऱ्याचं. अब्बा गाद्या आणि रजया भरायचे. धुनकीचा आवाज ऐकत आम्ही भावंडं अभ्यास करायचो आणि नाकातोंडात कापूस घेऊन झोपायचो. आता मी जळगावला दुकानदारांची जीएसटीची आणि आयकराची रिटर्नं भरते. वीस-बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे आयकराबद्दलचा राग काय असतो हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. नोटीस आली की माणसाचा चेहरा कसा होतो ते मी समोरच्या खुर्चीवर रोज बघते. आणि शिक्षकांचा रागही खोटा नाही. त्यांचा कर पगार हातात येण्याआधीच कापला जातो, आणि शेजारचा रोखीने धंदा करणारा दुप्पट कमावून काही दाखवत नाही, हे त्यांना दिसतं. या रागाचं काय करायचं हा प्रश्न खराच आहे. पण रागावलेल्या माणसाने सही कशावर करायची हे नीट बघून घ्यावं लागतं.

ही कल्पना काही आज निघालेली नाही. आपल्याकडे ती सर्वांत जास्त पोचवली ती अनिल बोकील यांच्या अर्थक्रांतीने. सभागृहातल्या बऱ्याच जणांनी त्यांची भाषणं ऐकली असतील, मीही ऐकली आहेत. मांडणी साधी आणि ऐकायला गोड आहे. आयात शुल्क सोडून सगळे कर काढून टाका, बँकेत पैसे जमा होताना दोन टक्क्यांच्या आसपास कापून घ्या, पन्नासच्या वरच्या नोटा बंद करा. ना रिटर्न, ना नोटीस, ना अधिकारी. २०१६ च्या नोटबंदीनंतर तर त्यांचं नाव घरोघर गेलं. बोकील हा कळकळीचा माणूस आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचे ते दोन टक्के मी आपल्या कापसावर लावून बघितले.

शेतकऱ्याने जिनिंगवाल्याला एक लाखाचा कापूस दिला. शेतकऱ्याच्या खात्यात पैसे आले, दोन हजार कापले. आता या लाखातले बियाण्याचे, खताचे, फवारणीचे, वेचणीचे पैसे जाऊन त्याच्या हातात काय उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तोट्याचं वर्ष असलं तरी दोन हजार कापलेच जाणार, कारण हा कर नफ्यावर नाही, जमा झालेल्या प्रत्येक रुपयावर आहे. पुढे जिनिंगवाल्याने गाठी विकल्या, पुन्हा दोन टक्के. मग सूतगिरणी, मग कापडवाला, मग शिलाईवाला. ज्याला शेकडा दोन रुपयेच सुटतात त्या दलालाचं सगळंच गेलं. मात्र ज्या बड्या कंपनीकडे सरकी काढण्यापासून शर्ट शिवण्यापर्यंत सगळं एकाच छपराखाली आहे, तिचा माल तिच्याच आवारात फिरतो, बँकेत पैसे येतात ते शेवटी एकदाच. जामनेरच्या बाजारपेठेत बसलेल्या माणसाने या योजनेला टाळ्या वाजवाव्यात याचं मला नवल वाटतं.

विक्रीकराची कल्पना याहून वेगळी आहे, हे कबूल. तो शेवटच्या ग्राहकावर पडतो. अमेरिकेत यासाठी 'फेअर टॅक्स' नावाचं विधेयक १९९९ पासून पुनःपुन्हा मांडलं जातं, अजून मंजूर झालेलं नाही. आयकर रद्द, आयकर खातंच बंद, आणि त्याऐवजी २३ टक्के विक्रीकर. या २३ टक्क्यांत एक गंमत आहे. शंभर रुपयांच्या वस्तूवर ते तीस रुपये कर लावतात आणि गिऱ्हाईक १३० देतं. मग १३० पैकी ३० म्हणजे २३ टक्के, असं सांगतात. आपल्याकडे शंभरावर तीस घेतले तर त्याला तीस टक्केच म्हणतात. पण त्या विधेयकात एक गोष्ट प्रामाणिक आहे. गरजेपुरत्या खर्चावरचा कर प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला सरकारने आगाऊ परत द्यायचा अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे असा कर गरिबाला जड जातो हे त्याच्या समर्थकांनाही मान्य आहे. आपल्या ठरावाच्या मसुद्यात तेवढी एक ओळसुद्धा नाही.

आता आपला हिशेब. २०२४-२५ या वर्षात केंद्राचा निव्वळ प्रत्यक्ष कर, म्हणजे मुख्यतः माणसांचा आणि कंपन्यांचा आयकर, २२ लाख २६ हजार कोटी रुपये जमा झाला. त्याच वर्षी देशातली जीएसटीची एकूण वसुली २२ लाख ८ हजार कोटी. जवळजवळ सारखीच. याचा अर्थ समजून घ्या. आयकराचं सगळं ओझं विक्रीकरावर टाकायचं तर आजचा जीएसटी साधारण दुप्पट करावा लागेल. तोही लोकांनी खरेदी कमी केली नाही आणि बिनबिलाचा धंदा वाढला नाही तर.

दोन घरं समोर ठेवू. आकडे मी मानले आहेत, कुणाच्या घरात डोकावलेले नाहीत. एक घर जामनेरचं, महिन्याला पंधरा हजार मिळवणारं आणि पंधराच्या पंधरा हजार खर्च करणारं. दुसरं घर पुण्यातल्या एका नोकरदाराचं, महिन्याला दोन लाख पगार, खर्च ऐंशी हजार. खर्चावर आज सरासरी आठ टक्के जीएसटी पडतो असं धरा. पहिल्या घरावर महिन्याला बाराशे, दुसऱ्यावर सहा हजार चारशे. कर दुप्पट झाला की पहिल्या घराला आणखी बाराशे द्यावे लागतील. बाराशे म्हणजे पोराची शिकवणी किंवा म्हातारीची औषधं. दुसऱ्या घराचे आणखी सहा हजार चारशे जातील. पण त्याचा आयकर सुटेल. नव्या पद्धतीने चोवीस लाखांच्या पगारावर २०२५-२६ साठी २ लाख ९२ हजार ५०० रुपये कर होतो, महिन्याला २४ हजार ३७५. त्यातून जास्तीचे ६,४०० वजा करा. पुण्याचं घर महिन्याला जवळपास अठरा हजारांनी फायद्यात, आणि जामनेरचं घर बाराशेंनी खोल. अठरा हजारवाल्याचा मी हेवा करत नाही. पण त्याच्यासाठी ठराव आपण का करायचा?

कुणी म्हणेल, ताई, आम्ही पण भरतो ना आयकर. किती जण? २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागत नाही, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत. इथे बसलेल्यांपैकी बारा लाखांच्या वर निव्वळ उत्पन्न कुणाचं आहे त्यांनी हात वर करा असं मी म्हणणार नाही, उद्या तेच लोक माझ्या ऑफिसात यायचे आहेत. पण मनात मोजा. आपण रद्द करायला निघालो आहोत तो कर आपल्यातले बहुतेक जण भरतच नाहीत. आणि वाढवायला निघालो आहोत तो कर आपण सगळे भरतो, रोज.

अब्बांचं एक सांगते. ते नेहमी म्हणायचे, "टॅक्स तो बडे लोग भरते, बेटा. हम क्या भरेंगे." त्यात थोडा अभिमान असायचा आणि थोडी लाजही. वर्षातून तीन-चार वेळा ते टेम्पोत गाद्या घालून एका मोठ्या गावाला विकायला न्यायचे. कोणतं गाव ते राहू द्या. वेशीवर जकात नाका. तिथे गाद्या उतरवायला लावायचे, मोजायचे, पावती फाडायचे, आणि पावतीशिवायचं जे काय असतं तेही घ्यायचे. गादी विकली जावो न जावो, जकात आधी द्यायची. एकदा परत येताना अब्बा टेम्पोत बसल्या बसल्या म्हणाले, "ये कैसी जकात है? वो तो बचे हुए पैसे की होती है."

मला त्यांचं हे बोलणं फार उशिरा कळलं. आपल्या मराठीतला 'जकात' हा शब्द अरबी 'ज़कात'वरूनच आला आहे. मूळ ज़कात कशावर असते? साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढी निसाबची मर्यादा ओलांडून जे उरलं, आणि वर्षभर राहिलं, त्यावर अडीच टक्के. राहतं घर, अंगावरचे कपडे, कारागिराची अवजारं त्यात धरत नाहीत. म्हणजे अब्बांची धुनकी त्यातून सुटली असती. तोच शब्द राजवटीमागून राजवट फिरत वेशीवरच्या नाक्यावर येऊन बसला आणि उरलेल्या पैशावरचा न राहता चालत्या मालावरचा झाला. मी इथे धर्माचा मुद्दा मांडत नाही. सरकारने ज़कातीवर चालावं असं मला मुळीच म्हणायचं नाही, सरकार सगळ्यांचं आहे आणि त्याचे कायदे संसदेतच व्हावेत. मी फक्त अब्बांचा प्रश्न तुमच्यापुढे ठेवते आहे. कर घ्यायचा तो उरल्यातून की ताटातून?

आणि अब्बा कर भरत नव्हते हे तर चूकच होतं. नाक्यावर भरत होते, रॉकेलवर भरत होते, काडेपेटीवर भरत होते. पुढे राज्याने नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद केली. पण 'आम्ही कर भरत नाही' ही लाज आपल्या मनातून गेली नाही. आज तर ती मुद्दाम चोळली जाते. 'आमच्या टॅक्सवर जगणारे' हा टोमणा कुणाकुणाला मारला जातो तुम्हाला माहीत आहे. आपल्याला मारतात, आदिवासींना मारतात, कर्जमाफी मागणाऱ्या शेतकऱ्यालाही मारतात. त्या शेतकऱ्याच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरं. पण तो फवारणीचं रासायनिक औषध घेतो त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानदार भरलेला जीएसटी पुढच्या विक्रीतून वळता करून घेतो. शेतकऱ्याच्या मालावर पुढे त्याला कर लावता येत नाही, म्हणून त्याचे ते पैसे परत यायचा मार्गच नाही. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के, धुण्याच्या पावडरवर १८ टक्के. आंघोळीचा साबण, टूथपेस्ट, बिस्किटं २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ वर आली, हे चांगलं झालं. पण म्हणजे आठ वर्षं पार्ले बिस्किटाच्या पुड्यावर आपण १८ टक्के देत होतो. चहात बिस्कीट बुडवणारं प्रत्येक पोर करदाता आहे.

इतिहासात हा प्रयोग होऊन गेला आहे. १८५७ च्या खर्चाची भरपाई करायला जेम्स विल्सनने १८६० मध्ये आपल्याकडे आयकर आणला. तेव्हाच्या बड्या लोकांनी, त्यात इंग्रज व्यापारी आणि अधिकारीही आले, एवढी ओरड केली की १८६५ मध्ये तो संपला. पुन्हा आला, १८७३ मध्ये पुन्हा काढला. १८८६ मध्ये मात्र कायम बसला. या सगळ्या काळात मिठावरचा कर एक दिवसही थांबला नाही, १८८८ मध्ये तर तो मणाला अडीच रुपये झाला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या आपल्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात या मीठकरावर नेमकं बोट ठेवलं, पुढच्या पाच वर्षांत तो उतरत उतरत एक रुपयावर आला. मीठ श्रीमंत माणूस गरिबापेक्षा शंभरपट खात नाही, एवढी साधी गोष्ट आहे. हा कर शेवटी गेला तो १९४७ मध्ये, अंतरिम सरकारच्या अर्थसंकल्पात. त्याच अर्थसंकल्पात धंद्याच्या एक लाखावरच्या नफ्यावर २५ टक्के कर लावला होता. मांडणारे होते लियाकत अली खान. त्यांच्या राजकारणाचं मला काडीचं प्रेम नाही, त्या अर्थसंकल्पामागे काय हेतू होते यावर तेव्हाही वाद झाला. उद्योगपतींनी ओरड केल्यावर तो नफ्यावरचा दर खालीही आला. पण मीठ सुटलं ते सुटलंच.

याहून जवळचं उदाहरण महाराष्ट्राचं आहे आणि ते मला जास्त प्रिय आहे. १९७२ चा दुष्काळ. आमची दादी खडी फोडायला जायची. दुष्काळी कामातून वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमी उभी राहिली, पुढे तिचा कायदा झाला. तिला पैसा कुठून आला? १९७५ पासून व्यवसायकर लावला. मुंबई-पुण्याच्या पगारदारांच्या, डॉक्टर-वकिलांच्या कमाईतून थोडेथोडे पैसे कापले आणि राज्याने तेवढीच भर घातली. आजही पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला दोनशे रुपयांची ती ओळ दिसते, फेब्रुवारीत तीनशेची. समजा तेव्हा कुणी म्हटलं असतं, कमाईवर कर नको, ज्वारीवर लावा. मग दादीने फोडलेल्या खडीची मजुरी दादीच्याच भाकरीतून निघाली असती.

आता जे व्यापारी भाऊ म्हणतात की विक्रीकर असला म्हणजे अधिकारी मागे लागत नाही, त्यांच्याशी दोन शब्द. तुम्ही माझ्याच ऑफिसात बसून असं कसं म्हणता? आयकराचं रिटर्न वर्षातून एकदा. जीएसटीचं साध्या पद्धतीत महिन्याला दोन. आयकरात तुम्ही स्वतःचा हिशेब देता, विक्रीकरात तुम्ही सरकारचे बिनपगारी वसुली कारकून होता. माझ्याकडे एक भंगारवाले चाचा येतात. त्यांनी एका व्यापाऱ्याकडून तांबं घेतलं, पक्कं बिल घेतलं, करासकट पैसे बँकेतून दिले. तो व्यापारी कर न भरताच दुकान बंद करून गेला. नोटीस चाचांना. तोच कर पुन्हा भरा, वर व्याज, वर दंड. कायद्याचा नियमच तसा आहे की विकणाऱ्याने सरकारात कर भरला नाही तर घेणाऱ्याला वजावट मिळत नाही. चाचा मला विचारतात, "मी काय त्याच्या मागे पोलीस होऊन फिरू का?" माझ्याकडे उत्तर नाही, मी अपील केलं आहे. आता विचार करा, दर दुप्पट झाल्यावर कर बुडवण्याचा मोह किती वाढेल, आणि चाचांसारख्यांची संख्या किती होईल.

आयकर आहे तसा चांगला आहे असं मी म्हणत नाही. मोठी कमाई 'शेती'च्या नावाखाली लपवली जाते. १९८५ मध्ये वारसा मिळालेल्या संपत्तीवरचा कर गेला, २०१५ मध्ये संपत्तीकर गेला, २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ वर आणायची सोय झाली. म्हणजे वरच्या बाजूने दरवाजे एकेक करून उघडले गेले, आणि आता आपण खालून शेवटचा उघडायला निघालो आहोत. ठराव करायचाच असेल तर असा करा: धुण्याची पावडर आणि रिचार्ज पाच टक्क्यांत आणा, शेतकऱ्याने औषधावर भरलेला कर त्याला परत द्या, बिल घेऊन बँकेतून पैसे देणाऱ्या खरेदीदाराला दुसऱ्याच्या चोरीचा दंड लावू नका, आणि काही कोटींच्या वरच्या वारशावर पुन्हा कर लावा. ही शेवटची मागणी ऐकून काही चेहरे उतरले ते मला इथून दिसलं. चालेल. त्यावर भांडू.

मी आयोजकांना सांगितलं होतं, येणाऱ्या प्रत्येकाने घरातली महिन्याची बिलं घेऊन यावं. किराणा, औषधं, रिचार्ज, गॅस, चप्पल, जे असेल ते. निम्म्या लोकांनी आणली आहेत, बाकीच्यांकडे पक्कं बिलच नसतं, तेही एक उत्तरच आहे. बिलाच्या खालच्या बाजूला सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन बारीक ओळी असतात, चष्मा लावून बघा. जेवणाआधी अर्धा तास आहे. पाच-पाच जणांचे गट करा, कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहेच. प्रत्येक घराने गेल्या महिन्यात किती कर भरला याची बेरीज त्या फळ्यावर लिहू. ठराव त्यानंतर मतदानाला घ्या. माझं मत विरोधात लिहून ठेवा.